तीस मीटरवरची मावशी

त्या रविवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत एक व्हायोलिन होतं, ते वाजवायचे दोन बो, म्हणजे गज होते, स्वरलिपी ठेवायचा एक स्टँड होता आणि त्यावर स्वरलिपीऐवजी आईचा चष्मा होता. दिवे तीन, त्यांतले दोन माझ्या अभ्यासाच्या टेबलावरून उचलून आणलेले. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर टांगलेली एक रजई, आणि ती धरून ठेवणारे नऊ चिमटे. एक मायक्रोफोन, एक फोन, एक लॅपटॉप. जमिनीवर चिकटपट्टीने बसवलेल्या पाच वायरी. चार खुर्च्या, त्यांतल्या एकीवर बाबा. पडद्यावर एकोणीस प्रेक्षक, आणि पडद्याच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकोनात, मावशी आणि तिचा पियानो.

मावशी आमच्यापासून तीन शहरं पलीकडे राहते. आधी ती दोन गल्ल्या सोडून राहायची.

आई आणि मावशी सव्वीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत वाजवत होत्या. दर शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी, बॅगांच्या चाकांच्या खडखडाटात आणि लिफ्टच्या टिंगटिंगीत. आई उभी राहून व्हायोलिन वाजवायची, लोकांकडे तोंड करून. मावशी तिच्या पाठीमागे पियानोवर बसायची. लोक आईला ओळखायचे. मावशीला ‘त्या मागे बसतात त्या’ म्हणायचे. मग हॉटेलचे मालक बदलले. नव्या मालकांनी छतात स्पीकर बसवले आणि दोघींना एकेक फुलांचा गुच्छ देऊन मोकळं केलं. त्याच सुमारास काकांची बदली झाली आणि मावशी पियानोसकट गेली.

दोन महिने आईने व्हायोलिनची पेटी उघडली नाही. तेव्हा घरून लाइव्ह करायची कल्पना मी काढली. रविवारी अकरा वाजता, एक तास, आई इथून, मावशी तिथून. दोघींचा आवाज माझ्या लॅपटॉपवर एकत्र येतो आणि तिथून बाहेर जातो. मी पदार्थविज्ञान शिकले आहे आणि कारखान्यांतल्या पंपांची आणि पंख्यांची थरथर मोजायचं काम करते, त्यामुळे घरात कुठलीही वायर सैल झाली की ती माझी जबाबदारी असते. बाबा मला पंपांची डॉक्टर म्हणतात. ते स्वतः चष्म्याचं दुकान चालवतात. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून कार्यक्रमात त्यांच्याकडे प्रेक्षकांचे संदेश वाचून दाखवायचं खातं आहे.

कार्यक्रम दर वेळी ‘जिना’ वाजवून संपतो. ही आजोबांची चाल. आजोबा पियानो दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात शिकवायचे. मुलींना एकत्र वाजवता यावं म्हणून त्यांनी ती बांधली. सुरुवातीला एकेक पायरी वर जाते, मध्यावर थोडी थांबते, आणि मग दोन-दोन पायऱ्या खाली येते. सोपी आहे. मीसुद्धा शिटीवर वाजवू शकते.

त्या रविवारी ‘जिना’ संपला आणि बाबांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं, ‘‘मॅनेजरसाहेब लिहितात, फार सुंदर. पण हल्ली तुम्ही दोघी जिना फार दमून चढता.’’

मॅनेजरसाहेब म्हणजे हॉटेलचे जुने मॅनेजर. ते एकही रविवार चुकवत नाहीत.

आई हसली. काडेपेटीतली मावशीही हसली. मी प्रक्षेपण बंद केलं, बाबांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं विषय संपला.

सोमवारी मी एका पंपापाशी उभी असताना मावशीचा फोन आला.

‘‘शास्त्रज्ञबाई, बोलू शकतेस? आई जवळ नाही ना?’’

‘‘जवळ एक पंप आहे. बोल.’’

‘‘हे बघ, तिला सांगू नकोस. ताई हल्ली फार हळू वाजवते गं. तिच्या लक्षात येत नाहीये. मी आपली तिच्यासाठी थांबते, प्रत्येक सुराला. वय होणारच ना माणसाचं. फक्त तू तिला काही बोलू नकोस, आणि त्या मॅनेजरलाही सांग, असलं काही लिहू नका म्हणून.’’

मी बरं म्हटलं. मला वाईट वाटलं. आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. जिने चढताना ती माझ्या पुढे असते. पण बोटांचं वेगळं असू शकतं.

त्याच संध्याकाळी मी भांडी विसळत होते आणि आई पुसत होती. एक ताटली तिने तीन वेळा पुसली.

‘‘चिमीचं काहीतरी बिनसलंय,’’ ती म्हणाली. चिमी म्हणजे मावशी. ‘‘हात जड झालेत तिचे. नवीन गाव, नवीन घर, कोणी बोलायला नाही. मी तिला सांभाळून घेते, हळू घेते, तिच्यासाठी थांबते. पण लोकांच्या लक्षात यायला लागलंय. तू तिला बोलू नकोस हं काही. तिच्या मनाला लागेल.’’

मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. दोघींनी एकच वाक्य म्हटलं होतं, फक्त त्यातलं माणूस बदललेलं होतं.

दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध सांगत असतील तर मी मोजते. माझं कामच ते आहे. मागच्या रविवारचं ध्वनिमुद्रण मी उघडलं आणि ‘जिन्या’तला प्रत्येक ठोका खुणेने मांडला. सुरुवात मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोक्यांनी होत होती. शेवट पासष्टने. आणि हा उतार अचानक नव्हता. ओल्या वाळूत चालणाऱ्या माणसासारखा तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत हळूहळू येत होता. मग मी आधीचे रविवार उघडले. सगळे तसेच. अगदी पहिल्या कार्यक्रमातसुद्धा, जेव्हा कोणीच दमलेलं नव्हतं.

म्हणजे वयाचा प्रश्न नव्हता. वय एका ‘जिन्या’पुरतं वाढून पुढच्या रविवारी परत चौऱ्याऐंशीवर येत नाही.

माझा पहिला संशय आमच्या वायफायवर होता. मी मंगळवारी लॅपटॉपला थेट वायर लावली, मावशीलाही फोनवरून एकेक सूचना देत तिच्याकडची वायर लावायला सांगितली. त्याला पाऊण तास लागला, कारण वायर ज्या खोक्यात घालायची ते खोकं काकांनी कपाटामागे ढकललं होतं आणि काका कामावर होते. ‘‘निळा दिवा लागला का?’’ मी विचारलं. ‘‘इथे तीन निळे दिवे आहेत, एक पिवळा आहे आणि एक पाल आहे,’’ मावशी म्हणाली. शेवटी जमलं. आवाज तिच्याकडून आमच्याकडे यायला आधी दीडशे मिलिसेकंद लागत होते. आता अठ्ठ्याऐंशी.

मी खूश झाले. मग गणित केलं आणि आनंद उतरला. हवेतून आवाज एवढ्या वेळात तीस मीटर जातो. लॉबीत दोघींमध्ये दोन मीटर अंतर होतं. आता मावशीचा पियानो जणू आमच्या गल्लीच्या टोकाला, औषधांच्या दुकानात ठेवला होता आणि आई इथे खिडकीत उभी राहून त्याच्याबरोबर वाजवत होती. आणि याच्या पुढे माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. तारेतून संदेश किती वेगाने धावतो हे माझ्या वायरीवर अवलंबून नाही.

तरी, उशीर समान असेल तर वेग का पडावा, हे कळत नव्हतं. म्हणून बुधवारी दोघींना ‘जिना’ वाजवायला लावला आणि एक गोष्ट नवीन केली. मावशीलाही तिच्या खोलीत मुद्रण करायला सांगितलं. तिचा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला असतो, तिथूनच. मग दोन्ही मुद्रणं शेजारी शेजारी ठेवली.

आमच्या खोलीतल्या मुद्रणात पियानो उशिरा येत होता. मावशीच्या खोलीतल्या मुद्रणात व्हायोलिन उशिरा येत होतं.

दोघी खरं बोलत होत्या. आईच्या खोलीत मावशी मागे पडत होती आणि मावशीच्या खोलीत आई. आई सूर वाजवायची, तो तीस मीटर चालून मावशीकडे पोचायचा. मावशीला वाटायचं, ताई मागे राहिली, थांबूया. ती थांबून वाजवायची, तो सूर पुन्हा तीस मीटर चालून आईकडे यायचा. आईला वाटायचं, चिमी मागे राहिली, थांबूया. दारात दोन माणसं ‘आधी तुम्ही’, ‘नाही, आधी तुम्ही’ करत राहतात ना, तसं. चार मिनिटं.

मला हे इतकं आवडलं की मी ते दोघींना एकत्र सांगायची घाई केली. गुरुवारी व्हिडिओ कॉलवर दोन्ही मुद्रणं वाजवली, कागदावर काढलेली आकृती कॅमेऱ्यासमोर धरली, दाराचं उदाहरणही दिलं.

आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, ‘‘थांब. चिमी माझ्यासाठी थांबत होती?’’

‘‘हो, आणि तू तिच्यासाठी.’’

‘‘माझं राहू दे. ती माझ्यासाठी थांबत होती? का?’’

मावशी पडद्यावर इकडेतिकडे बघू लागली. ‘‘अगं ताई, मला वाटलं...’’

‘‘काय वाटलं?’’

‘‘थोडी दमतेस असं.’’

‘‘मी? मी दमते?’’

‘‘तुला नाही का वाटलं मी दमते म्हणून? आता तर तुझी मुलगीच म्हणाली.’’

‘‘तू दमतेस असं वाटणं वेगळं!’’

‘‘का वेगळं?’’

‘‘कारण तू लहान आहेस!’’

यावर बाबांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला. आईने त्यांच्याकडे बघितलं. खोकला थांबला.

‘‘म्हणजे इतके रविवार,’’ आई सावकाश म्हणाली, ‘‘मला वाटत होतं मी तुला ओढून नेतेय. आणि तू तिकडे बसून माझी कीव करत होतीस.’’

‘‘ताई, कीव काय—’’

‘‘नको. लोकांसमोर एकमेकींची कीव करायला मी वाजवत नाही. पुढच्या रविवारी मी एकटी वाजवते. तू आराम कर.’’

आणि तिने कॉल बंद केला. स्वतः, योग्य ते बटण दाबून. एरवी तिला ते कधी सापडत नाही.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मी गॅलरीत गेले.

‘‘ती खरंच एकटी वाजवणार?’’ मावशीने विचारलं.

‘‘रागात आहे. उद्यापर्यंत उतरेल.’’

‘‘तुझ्या आईचा राग पियानोसारखा आहे. एकदा आत आणून ठेवला की हलत नाही.’’ ती हसली, पण लगेच थांबली. ‘‘ऐक ना. ती एकटी वाजवू शकते. व्हायोलिन एकटं शोभतं. मी एकटीने काय वाजवायचं? मी आयुष्यभर दुसऱ्याच्या खालचे सूर वाजवलेत. इथे मला कोणी ओळखत नाही. शेजारी विचारतात, साहेब आहेत का घरात. रविवारी अकरा ते बारा एवढा वेळ मी मी असते. ते जाऊ देऊ नकोस. तुला येतं ना ते सगळं वायरीचं, काहीतरी कर.’’

मी करते म्हटलं. गॅलरीत उभी राहून मी बराच वेळ विचार केला. उशीर जाणार नव्हता. थांबणं जाऊ शकत होतं. दोघींपैकी एकीने दुसरीला ऐकायचंच नाही, म्हणजे ती थांबणार नाही. दुसरीने तिच्याबरोबर वाजवायचं. दुसरीच्या खोलीत दोन्ही आवाज जुळून येतील आणि तिथूनच बाहेर पाठवायचं. एवढंच. फक्त एकीला बहिऱ्यासारखं वाजवावं लागेल.

शुक्रवारी सकाळी आईला हे सांगितलं, बाबांच्या देखत, कारण बाबा असले की ती अर्ध्यातून उठून जात नाही.

‘‘म्हणजे एकीने वाजवायचं आणि दुसरीने मागून जायचं,’’ आई म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘मग त्यात विचारायचं काय? व्हायोलिन पुढे असतं. पियानो मागे असतो. मला तसंही तिच्या थांबण्याची गरज नाही.’’

म्हणजे एकटी वाजवायचा बेत मागे पडला होता. मी तो विषय परत काढला नाही. रागापेक्षा स्वतःचं बरोबर ठरवायची संधी आईला जास्त ओढते, हे मला माहीत होतं.

दुपारी चाचणी घेतली. आईच्या कानाला काहीच नाही, मावशीच्या कानात व्हायोलिन, मुद्रण मावशीकडे. आईने डोळे मिटून ‘जिना’ वाजवला, संपूर्ण, अतिशय सुंदर. मावशीचा चेहरा पडद्यावर दिसत होता. निम्म्यावर तिने ओठ आवळले. शेवटी ती पियानोवर जवळजवळ पडलीच.

‘‘ताई,’’ ती धापा टाकत म्हणाली, ‘‘कुठे आग लागली होती?’’

मी मुद्रण मागवून मोजलं. चौऱ्याऐंशीने सुरुवात, अठ्ठ्याण्णवने शेवट.

‘‘तुझं यंत्र चुकलंय,’’ आई म्हणाली.

पुन्हा वाजवलं. चौऱ्याऐंशी, सत्त्याण्णव.

‘‘यंत्र दोन्ही वेळा सारखंच चुकलं,’’ बाबा म्हणाले. ‘‘आमच्या दुकानात लोक म्हणतात तसं. समोरचा अक्षरांचा तक्ताच धूसर आहे म्हणतात.’’

‘‘तुम्हाला कोणी विचारलं?’’

‘‘कोणीच नाही. मी फक्त बसलोय.’’

आई खिडकीशी गेली. व्हायोलिन अजून हनुवटीखाली होतं, बो खाली लोंबत होता. ‘‘सव्वीस वर्षं वाजवलं मी हे,’’ ती काचेकडे बघून म्हणाली. ‘‘मी धावत असते तर कोणीतरी बोललं असतं.’’

यावर बाबा उठले. कपाटातून त्यांनी एक सीडी काढली. हॉटेलच्या कुठल्याशा वर्धापनदिनाला कोणीतरी लॉबीतला कार्यक्रम मुद्रित करून दिला होता. त्यात लिफ्टची टिंगटिंग होती, एक मूल ‘मला वर जायचं’ म्हणून रडत होतं, आणि त्या सगळ्यातून ‘जिना’ होता. आईने ती त्यांच्याकडून घेऊन माझ्याकडे दिली आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. मी ठोके मांडत होते तेव्हा ती पडद्यावरची रेषा बघत होती. पहिल्यांदाच तिने मला विचारलं, हा डोंगर कशाचा आणि ही टेकडी कशाची. डोंगर पियानोचे होते. व्हायोलिनचा सूर डोंगरासारखा वर येत नाही, उतारासारखा चढतो, त्यामुळे त्याची सुरुवात शोधायला वेळ लागतो. तिला ते पटलं. ‘‘बरोबर,’’ ती म्हणाली. ‘‘बो लागतो आणि मग आवाज येतो. मध्ये थोडं काहीतरी असतं.’’

लॉबीतला ‘जिना’ चौऱ्याऐंशीने सुरू होऊन त्र्याऐंशीने संपत होता. जवळजवळ सरळ रेषा. पण व्हायोलिन प्रत्येक ठोक्याला पियानोच्या पुढे होतं, साधारण पस्तीस मिलिसेकंद. कुत्रं साखळी ताणून चालतं आणि तरी माणसाच्याच वेगाने चालतं, तसं. हे उदाहरण मी तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आईने तो आकडा दोनदा वाचला. मग मावशीला फोन लावला, साधा, चेहरा न दिसणारा, आणि स्पीकरवर ठेवला.

‘‘चिमे, मी धावते?’’



‘‘हो.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तू आठ वर्षांची होतीस तेव्हापासून. मी पाचची होते, त्याच्या आधीचं मला आठवत नाही.’’

‘‘आणि तू मला धरून ठेवायचीस.’’

‘‘धरून काय, मी माझं वाजवायचे. तू फार लांब जायची नाहीस.’’

‘‘तू मला एकदाही बोलली नाहीस.’’

‘‘मला वाटलं तुला माहीत आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘खरंच. मला वाटलं म्हणून तर तू माझ्याबरोबर वाजवतेस.’’

आईने स्टँडवरचा चष्मा उचलला, पुसला, घातला नाही. बाबा उठून पाणी आणायला गेले आणि ते घेऊन परत आलेच नाहीत.

‘‘मग तू पुढे हो,’’ आई म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे रविवारी तू पुढे. मी तुझ्या मागून येते.’’

‘‘ताई, लोक तुला बघायला येतात.’’

‘‘बघू देत की. ऐकायला काय येतं ते बघू.’’ मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, ‘‘पण तुला मी ऐकू येणार नाही. चालेल का तुला?’’

‘‘तुझं ऐकायला काय नवीन आहे त्यात?’’ मावशी म्हणाली. ‘‘सव्वीस वर्षांत एक सूर इकडचा तिकडे केला नाहीस. माझ्या डोक्यात वाजतेस तू. बंद कर म्हटलं तरी होत नाही.’’

आई हसली. पण फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली आणि मला म्हणाली, ‘‘बोलणं सोपं होतं. आता जमलं नाही तर?’’

शनिवारी ते जमलं नाही. मावशीने पियानोचं मुद्रण पाठवलं होतं. आई दार लावून त्याच्याबरोबर वाजवत होती. वर चढताना ठीक व्हायचं. दोन-दोन पायऱ्या खाली येताना व्हायोलिन सुटायचं, पियानो मागे राहायचा आणि मग खोलीत एकदम शांतता व्हायची. मग पुन्हा पहिल्यापासून. एका वेळी तिने दार उघडलं आणि बाहेर खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या बाबांना म्हणाली, ‘‘ती थांबतच नाही.’’

‘‘ती मुद्रण आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘ते कळतंय मला.’’

दार पुन्हा लागलं. जेवायच्या आधी शेवटचं जे ऐकलं त्यातही ती सुटली होती, फक्त उशिरा. जेवताना मी विचारलं, ‘जिना’ यावेळी वगळायचा का? ‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तो वगळला तर चिमीला वाटेल मी अजून रागावलेय.’’

रविवारी प्रक्षेपण सुरू व्हायला पाच मिनिटं असताना आईने एक रिकामी खुर्ची ओढली, स्टँड बाजूला सारला आणि खुर्ची कॅमेऱ्याकडे न ठेवता लॅपटॉपकडे वळवून ठेवली. मग बसली. ती कधी बसून वाजवत नाही. मी म्हटलं, आई, अशाने तू एका बाजूने दिसशील, लोकांना तुझा कान दिसेल फक्त. ‘‘दिसू दे,’’ ती म्हणाली. ‘‘मला तिचे हात बघायचेत.’’ मी मावशीचा चौकोन पडद्याभर मोठा केला.

बाबांनी पहिला संदेश वाचला. ‘‘मॅनेजरसाहेब विचारतात, व्हायोलिन आज रुसलंय का?’’

‘‘सांगा, अभ्यास चाललाय,’’ आई म्हणाली.

तो तास कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. मी आवाजाच्या पट्ट्या बघत होते. दोन ठिकाणी आई अडखळली, एकदा एक संपूर्ण ओळ तिने सोडली आणि पियानोला एकटं जाऊ दिलं, पुढच्या ओळीला परत आली. पूर्वी तिने ओळ सोडली नसती. पियानो एकटा असताना प्रथमच माझ्या कानावर आलं की मावशीच्या डाव्या हातात एक वेगळीच चाल आहे, जी लॉबीत कधी ऐकू आली नव्हती. बाबांनीही मान वर केली.

मग ‘जिना’. मावशीच्या कानात काही नव्हतं. ती खाली बघून वाजवत होती, हलकेच मान हलवत, खोलीत कोणी नसल्यासारखी. आई तिच्या मनगटांवर डोळे ठेवून चढत होती. मध्यावरच्या थांब्याला दोघी थांबल्या. बाबांनी संदेश वाचायचा फोन उलटा करून मांडीवर ठेवला. उतार सुरू झाला, दोन-दोन पायऱ्या, आणि आईचा उजवा पाय जमिनीवर एकदा आपटला, दोनदा, मग तिने तो खुर्चीच्या पायामागे अडकवला.

शेवटचा सूर मावशीने वाजवला आणि हात मांडीवर घेतले. आईचा सूर अजून चालू होता. मावशीला तो ऐकू येत नव्हता. ती पडद्यात बघत बसली होती, आईचा बो थांबायची वाट बघत. बो थांबल्यावर तिने घाईघाईने हेडफोन कानाला लावला.

‘‘झालं का? ताई? कसं झालं?’’

‘‘तुला कसं वाटलं?’’ आईने विचारलं.

‘‘मला काय ऐकू आलंय, डोंबल!’’

हे एकतीस लोकांनी ऐकलं, कारण मी प्रक्षेपण बंद करायला विसरले होते.

दुपारी आईने मला विचारलं, ‘‘मोजलंस?’’ मी म्हटलं, जेवून मोजते. ‘‘आधी मोज,’’ ती म्हणाली, आणि मावशीला फोन लावून तो हातात धरून माझ्या मागे उभी राहिली. मी ठोके मांडले, डोंगर आणि टेकड्या, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, आणि दोघींना ऐकू जाईल असं वाचलं.

सुरुवातीला मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके. शेवटी चौऱ्याऐंशी. व्हायोलिन पियानोच्या मागे, सरासरी अकरा मिलिसेकंद.